बातमाकान आणि कुत्र्याचं झबलं

बातमाकानचं लिहायचं म्हणतेस तर आधी तिचा हात लिही. तोंडाचं नंतर. तोंड काय, चारचौघींसारखंच होतं, वाऱ्यानं फुटलेलं. पण हात. दिवस कलला की ती दारात बसायची आणि एकेक कुत्रं जवळ आलं की त्याच्या गळ्याखाली हात घालायची. पट्टा आहे ना, सैल झाला नाही ना, एवढं चाचपायची आणि मगच त्याला खायला. बायका म्हणायच्या, बघा, सासू सुनेची पोवळी मोजते तशी मोजतेय.

आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये नुसता एक पाण्याचा पाट होता. तिचा नवरा ओर्मोन, सरकारी फार्मवर ट्रॅक्टर चालवायचा. मूल झालं नाही. त्यानं वाट बघितली, सासूनं बघितली, मग सासू वाट बघता बघता मेली आणि यानं दुसरी करून शहराची वाट धरली. घर हिला ठेवलं, पण जाताना चुलीवरचं लोखंडी झाकण घेऊन गेला. झाकण कशाला नेलं देव जाणे. ती पुढं कितीतरी हिवाळे चुलीवर फुटकी फरशी ठेवायची. ओर्मोनला शिव्या द्यायची नाही, त्या फरशीला द्यायची.

मग सोव्हिएत युनियन मोडलं. फार्मच्या मेंढ्या वाटल्या गेल्या. ज्याच्या वाट्याला आल्या त्यानं खाल्ल्या नाहीतर विकल्या. मेंढ्या संपल्या तशी कुत्रीही नकोशी झाली. मेंढपाळ ट्रकात तंबू घालून खाली आले आणि कुत्री वर कुरणातच सोडून आले. तीही आली मागून, बर्फ पडल्यावर, पायांची सालटी गेलेली. केवढाली कुत्री होती ती. लांडग्याच्या दातात सापडू नयेत म्हणून कान कापलेले, शेपट्या कापलेल्या. लांडग्याला न घाबरणारी कुत्री, आणि आमच्या पोरांच्या दगडांपुढं शेपटीचं खुंट हलवत उभी राहायची. माणसाचं भय त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यातली एक कुत्री बातमाकानच्या दारात येऊन पडली ती उठेना. गळ्याभोवती पांढरं कडं होतं. अशा कुत्र्याला आमच्यात मोयनोक म्हणतात, म्हणून ती मोयनोक. हिनं तिच्या पायांना मेंढीची चरबी लावली, आपल्या ताटातला घास दिला. मग दुसरं आलं, मग आणखी. गावानं तिचं नाव ठेवलं कुत्र्यांची आई. पाणी भरायला गेली की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, धाकट्याला दात आले का?" ती म्हणायची, "आले. चाव घेऊन बघतेस?"

त्याच सुमाराला गावात पोरांच्या यकृतात पाण्याच्या गाठी निघायला लागल्या. गुरांचा डॉक्टर सांगून थकला की मेंढी कापल्यावर गाठाळलेलं काळीज कुत्र्याला टाकू नका, कुत्र्याच्या पोटात किडा होतो आणि तो तुमच्याच पोरांच्या पोटात जातो. आम्ही मान डोलवायचो आणि घरी जाऊन काळीज कुत्र्याला टाकायचो. बापजाद्यांपासून टाकत आलोय. मग पोरं आजारी पडली ती कुत्र्यांमुळं, असं ठरलं. कुत्र्याला काय तोंड आहे बोलायला. गावच्या ऑफिसनं सादिरला बंदूक दिली. नियम साधा होता. गळ्यात पट्टा असेल तर कुत्र्याला मालक आहे, सोडायचं. पट्टा नसेल तर गोळी.

सादिर आधी लांडगे मारायचा. त्याला म्हटलं, सादिर, तुला बरं वाटतं का रे हे? तर म्हणाला, "लांडग्यामागं दिवस दिवस हिंडावं लागतं, एजे. ही हाक मारली की येतात." आणि चहा मागितला. एजे म्हणजे थोरली बहीण. बोलायला मोठा अदबीचा होता तो.

बातमाकाननं पट्टे करायला घेतले. नमद्याचे. आपण सतरंजीला लोकर भिजवून थापतो, लाटतो, तोच नमदा. कुणाकडं सतरंजी कापली की ही दारात हजर, उरलेल्या पट्ट्या द्या म्हणून. मी द्यायची. लाल रंगवून, दुहेरी शिवून ती एकेकाच्या गळ्यात घालायची, लांबून दिसावा म्हणून लाल. आणि सादिर शब्दाचा पक्का, एवढं म्हणायला हवं. बंदूक उचलायचा, लाल दिसलं की खाली. पोरं मुद्दाम पट्टे कापायची, गंमत बघायला. ती पुन्हा शिवायची. म्हणून तो संध्याकाळचा हात.

आता कुलुइपाचं सांगते. वरच्या गल्लीतली, मोठ्या घरची, जिभेला हाड नसलेली. बातमाकाननं तिच्याकडं नमदा मागितला तेव्हा म्हणाली होती, "नमदा पोरांच्या अंगाखाली घालतात. तुला काय ठाऊक." तिच्या सुनेची दोन बाळं गेली होती, एक पाळण्यात, एक त्याआधीच. तिसरं जगलं तेव्हा नाव ठेवलं इतालमस. म्हणजे कुत्रंसुद्धा नेणार नाही असा. नकोसं नाव ठेवलं की मरण फिरकत नाही म्हणतात.

बाळ चाळीस दिवसांचं झालं की त्याचं पहिलं झबलं उतरवायचं, त्यात गोड बांधायचं आणि कुत्र्याच्या गळ्यात अडकवून सोडायचं. पोरं मागं धावतात, जो पकडेल त्याचं गोड. बाळाची इडापिडा कुत्र्याबरोबर जाते. त्या झबल्याला आम्ही म्हणतोच मुळी कुत्र्याचं झबलं. तुझंही बांधलं होतं. पण कुलुइपाला साधं कुत्रं नको होतं. जिची सगळी पिल्लं जगली अशी कुत्री हवी होती. तशी गावात एकच होती, मोयनोक. तिची पिल्लं तेव्हा नुकती डोळे उघडत होती.

मी पाटावर भांडी घासत होते, सगळं ऐकलं.

"अगं बातमा, आहेस का?"

"या एजे, आत या."

"आत नको. वास येतो कुत्र्यांचा."

"मग बाहेर बसा. बाहेर पण कुत्रीच आहेत."

कुलुइपा काही बसली नाही. म्हणाली, "उद्या झबलं बांधायचंय. ती पांढऱ्या गळ्याची दे."

"माझ्या घरचं कुत्रं चालतं होय तुम्हाला?"

"तिची पिल्लं जगलीत. ती काय तुझ्यासारखी आहे?"

बातमाकाननं मोयनोकच्या पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "न्या. एकच मागते. पट्टा काढू नका. झबलं पट्ट्यावरूनच बांधा. सादिर हल्ली याच वाटेनं फिरतो."

"बरं."

"बरं म्हणजे नक्की ना, एजे?"

"आता कुत्र्यासाठी कुराणावर हात ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी मी जेवणाला होते. बातमाकानला बोलावलं नव्हतं, वांझेची नजर पाळण्यावर नको म्हणून. मोयनोकला अंगणात आणली. कुलुइपानं लोकर कापायची कात्री घेतली आणि पट्टा कराकरा कापला.

मी म्हटलं, "एजे, तुम्ही शब्द दिला होता."

"तिच्या हातचा टाका माझ्या नातवाच्या झबल्याला लागू देऊ? शब्द काय, कुत्र्याचा होता." आणि पट्टा चुलीत टाकला. लोकर जळल्याचा वास आला, सून खोकली.

झबलं बांधलं. पोरं ओरडत मागं लागली. मोयनोकला वाटलं खेळच आहे. अंगणाभोवती फिरली, एका पोरीनं पकडलं तेव्हा तिचं तोंड चाटलं. पोरीनं गोड काढून घेतलं, कुलुइपानं झबलं परत घेतलं. कुत्री मोकळी. दूध भरून आलं होतं तिचं, पिल्लांकडं निघाली, पाटाच्या कडेकडेनं. मी तिच्यामागं निघाले तर कुलुइपानं हाताला धरून बसवलं, "बस गं, आत्ताच तळलेत बोरसोक, गरम आहेत." मी हात सोडवतेय तोवर आवाज आला. एकच.

थोड्या वेळानं सादिर आला. त्यालाही आवतण होतंच. हात धुतले, बसला.

"कुठं होतास?" कुलुइपाच्या नवऱ्यानं विचारलं.

"वाटेत एक मोकळं कुत्रं होतं."

मग बातमाकान आली. कुत्रीला उचलून आणलं होतं. एवढं मोठं जनावर, ही एवढीशी बाई. अंगणाच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. आत बोलावलंच नव्हतं ना.

"सादिर बाइके," म्हणाली. बाइके म्हणजे दादा. "हिला ओळखत नव्हतास?"

"ओळखत होतो."

"मग?"

"पट्टा नव्हता." खोटं नव्हता बोलत तो. चमचा हातातच होता.

तिनं आम्हा बायकांकडं बघितलं, एकेकीकडं. मी चुलीकडं बोट केलं. तिला कळलं. कुलुइपा हात पुसत बाहेर आली, कुत्रीकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"गेली," म्हणाली. "माझ्या नातवाचं सगळं घेऊन गेली. आता जगतो बघा पोरगा." आणि सुनेला हाक मारली, "हिला ताट भरून दे गं. चरबीचा तुकडा घाल."

बातमाकाननं कुत्रीला खाली ठेवलं, ताट घेतलं, ते स्वतःच्या झग्याच्या ओच्यात रिकामं केलं, ताट परत दिलं, कुत्रीला पुन्हा उचललं. त्या मांसाचं पाणी करून तिनं पिल्लांना बोटानं चाटवलं. दोन राहिली. बाकीची गेली.

आणि इतालमस जगला. तेच तर वाईट झालं बघ. आजारी न पडता जगला, गुबगुबीत. गावाला वाटलं, कुत्री मेली म्हणूनच जगला. मग पुढच्या घरी झबलं बांधलं तेव्हा सादिरला मुद्दाम कोपऱ्यावर उभा केला. त्याच्या पुढच्या घरीही. कुणी ठरवलं नाही, पण रीत पडली. आमच्या आज्यांच्या वेळी कुत्र्याला मागाहून हाड द्यायचे.

बातमाकान मग पाळण्यांवर कान ठेवून असायची. कुणाच्या घरी बाळ झालं की दिवस मोजायची, आणि चाळिसाव्या दिवशी पहाटे, आपली आणि गल्लीतली मोकळी, सगळी कुत्री घेऊन वरच्या पडक्या मेंढवाड्यात जाऊन बसायची. खिशात सुक्या दह्याच्या गोळ्या, त्याच चघळायची. बर्फ असो नाहीतर वारा. तिकडंच तिच्या पायाची दोन बोटं गारठून गेली. एकदा गावात कुत्रंच मिळेना, तर झबलं शेळीला बांधलं. शेळीनं बाही खाऊन टाकली. लोक चिडले, मी हसले. दुसऱ्या दिवशी तिच्या खिडकीची काच फोडली कुणीतरी.

अशी वर्षं गेली. इतालमस मोठा झाला, ट्रक चालवायला लागला, लग्न झालं, बाळ झालं. बातमाकानकडं तोवर एकच कुत्री उरली होती, मोयनोकच्या वंशाची, तसंच पांढरं कडं गळ्याला. बाई म्हातारी, गुडघे गेलेले. मेंढवाड्यापर्यंत चढवेना आता. हे गावाला ठाऊक होतं. इतालमस आला, दारातच उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता गं. टोपी हातात घेतली होती त्यानं.

"आपा, उद्या झबलं आहे."

"ऐकलं."

"आजी म्हणते तुमच्याकडचीच हवी. माझ्या वेळची त्याच रक्ताची होती म्हणून."

"परत आणून देशील?"

तो टोपी फिरवत राहिला. "आजी म्हणते—"

"आजी म्हणते ते मला ठाऊक आहे. तू काय म्हणतोस?"

"मी बाप झालोय, आपा," म्हणाला. "धोका कसा घेऊ?"

तिनं कुत्रीला आत घातलं. मग म्हणाली, "गळाच हवाय ना तुम्हाला? मी येते."

त्याला वाटलं कुत्री घेऊन येते म्हणतेय. आली ती एकटीच. कुत्री घरात, दार बाहेरून दोरीनं बांधलेलं. अंगणात येऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा रुमाल मागं सारून मान पुढं केली. कुणाला कळेचना. कुलुइपा कोपऱ्यात गोधडीवर होती, डोळे गेलेले, तिनं विचारलं, "काय झालं? कुत्री कुठाय?" कुणीतरी कानात सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हातारीला लाज वाटेल.

ती म्हणाली, "चालेल. हिच्यामागं रडायला कोण आहे."

कुणी हसलं. मग बरेच हसले. झबलं सुनेनंच, इतालमसच्या आईनं, बांधलं बातमाकानच्या गळ्यात. चिमुकलं झबलं, बाह्यांची गाठ मारलेली, आत साखरेचे खडे. आणि पोरांना सांगितलं, धावा.

पोरं आधी थबकली. मग एकानं तोंडानं छू छू केलं आणि सुटली सगळी. बातमाकान धावायला लागली. धावणं कसलं, लंगडत, पाटाच्या कडेनं, त्याच वाटेनं. मी ओरडले, अरे म्हातारी आहे ती. माझा आवाज कुठं ऐकू जातो. पूल येईस्तोवर पोरांनी तिला गाठलं, रुमाल ओढला, ती गुडघ्यांवर पडली. त्यांनी झबलं ओरबाडून घेतलं, गोड वाटून घेतलं, मागं फिरली.

मी तिला उठवलं. हनुवटी फुटली होती. गळ्यावर झबल्याच्या नाडीचा वळ. म्हटलं, चल माझ्याकडं, पाणी तापवते. ती म्हणाली, "आधी घरी."

दोरी सोडली. कुत्री अंगावर आली, तिची हनुवटी चाटायला लागली. तिनं तोंड बाजूला केलं, खाली बसली, आणि त्या लाल नमद्याखाली हात घातला.