कोबीच्या वाफ्यातलं इंजिन

निवृत्त झाल्यावर डेल्मर टेशने तळघरात रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा त्याच्या बायकोला, आर्डिसला, बरंच वाटलं. बाहेर बर्फात घसरून हाड मोडून घेण्यापेक्षा हे परवडलं. खरी रेल्वे नव्हे हो, संगणकाच्या खेळातली. आमच्या बेअर क्रीक रेल्वेचे खरे रूळ कधीच उखडले. त्या वाटेवरून आता उन्हाळ्यात सायकली आणि थंडीत बर्फगाड्या पळतात. लाइन ती केवढी, एका टोकाला धान्याची गिरणी, दुसऱ्या टोकाला मोठ्या रेल्वेचं जंक्शन, मध्ये चीजचा कारखाना. दिवसाला एक मालगाडी. सकाळी जंक्शनवरून गिरणीला जायची, दुपारी जेवण करून परत यायची, आणि तीही धापा टाकत.

ही एवढीशी लाइन डेल्मरने पडद्यावर जशीच्या तशी उभी करायला घेतली. आधी रूळ, मग पूल, मग झाडं. गावात बातमी फुटली आणि लोकांची रीघ लागली. कुणाला आपल्या गोठ्याला नवा रंग हवा, कुणाला शेजाऱ्याचं घर जरा मोडकंच दाखवून हवं. डेल्मर कुणाचं ऐकेना. "त्या उन्हाळ्यात होतं तसंच राहणार," म्हणायचा. कोबीपाशी मात्र त्याचं घोडं अडलं. त्या खेळात शेकडो जातींची इंजिनं होती, गारांचा पाऊस होता, शेपटी हलवणाऱ्या गायी होत्या, पण कोबीचा एक गड्डा असेल तर शपथ! शेवटी त्याने बागेतली शोभेची झुडपं दाबून दाबून गड्ड्याएवढी केली आणि कारखान्याच्या फाट्याशी एकेक करून लावली.

"एवढं कोबीचं काय अडलंय?" आर्डिसने जिन्यावरून विचारलं.

"सगळं कोबीवरच अडलंय!" डेल्मर ओरडला.

त्यात खोटं काही नव्हतं. प्रकरण असं, की तरुणपणी, त्या एका उन्हाळ्यात, डेल्मर गाडीवर नवीन लागला होता. काम सांधे बदलायचं, म्हणजे रूळ हलवून गाडी फाट्यावर वळवायचं. कारखान्यापाशी उतरायचं, सांधा फिरवायचा, मालाच्या वाघिणी फाट्यावर लोटून झाल्या की सांधा परत सरळ करायचा आणि गाडीत चढायचं. एका दुपारी गाडी परत येताना सरळ जायच्या ऐवजी फाट्यावर वळली, ते वळण काही तिला झेपलं नाही, आणि इंजिन तडक शेजारच्या हाउगेनबाईंच्या कोबीच्या वाफ्यात जाऊन बसलं. ड्रायव्हर ऑर्व्हिल सोबोटा खाली उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "मी दहा मैलांच्या वेगात होतो." कंपनीने चौकशी केली आणि निकाल दिला, की सांधा परत फिरवायला टेश विसरला.

दोन आठवडे घरी बसवलं, ते एक वेळ ठीक. पण गावाने जे धरलं ते सोडलंच नाही. शुक्रवारी तळलेले मासे खायला डेल्मर क्लबात शिरला, की कोपऱ्यातून आवाज आलाच, "डेल, दार लावलंस ना?" चर्चच्या पायरीवर तेच, न्हाव्याकडे तेच. स्वतःच्या लग्नातसुद्धा तेच. डेल्मर दरवेळी लाल व्हायचा आणि म्हणायचा, "मी सांधा फिरवला होता!" थँक्सगिव्हिंगच्या सणाला तर दरवर्षी टर्की निवत पडायची आणि हा काट्याचमच्यांचे रूळ मांडून, मिठाच्या बाटलीचं इंजिन करून अख्खी दुपार खटला चालवायचा. आर्डिस गप्प बसून त्याच्या ताटात बटाटे वाढायची.

आर्डिस म्हणजे त्याच हाउगेनबाईंची मुलगी. इंजिन चिखलातून काढायला चार दिवस लागले, ते चारही दिवस ती कुंपणाशी कॉफी घेऊन उभी. इंजिन निघालं, डेल्मर तिथेच रुतला. सासूबाईंनी मरेपर्यंत जावयाला कोबी वाढला नाही, ती गोष्ट वेगळी.

तर आता हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता, ते लक्षात आलं असेल. डेल्मरचं म्हणणं, सांधा सरळच होता, पण खालचे लाकडी स्लीपर सडलेले होते, रूळ फाकले आणि गाडी पडली. वसंतात जुन्या स्टेशनात गावाच्या इतिहास मंडळाचा कार्यक्रम होता. तिथे सगळ्यांदेखत पडद्यावर गाडी चालवायची, सांधा सरळ असूनही ती कोबीत पाडून दाखवायची, आणि चाळीस वर्षांचा डाग एकदाचा धुऊन काढायचा.

पण गाडी पडेना! त्याने स्लीपर सडवले, अजून सडवले, पार भुगा केला. गाडी डुगडुगत, कुरकुरत सरळ निघून जायची. मेलं ते इंजिन कोबीकडे ढुंकून बघेना. अख्खी थंडी गेली. डेल्मर जेवायला वर येईनासा झाला. आर्डिसला त्याची दया आली, आणि एका दुपारी ती सँडविचची बशी घेऊन स्वतःच तळघरात उतरली.

पडद्यावर तो फाटा होता, तिच्या आईचं घर होतं, कुंपण होतं. डेल्मरने बटण दाबलं आणि सांध्याचा दांडा अलगद आडवा झाला.

"छे, असा लोण्यात सुरी जावी तसा कुठला पडायला!" आर्डिस म्हणाली. "आधी खिटीवर टाच मारावी लागायची, मग कमरेचा रेटा द्यायचा. हाताने तर जागचा हलायचा नाही तो मेला."

डेल्मरचा हात थांबला. त्या दांड्याची ही खोड त्याला ठाऊक होती आणि त्याच्या आधी सांधे बदलणाऱ्या ब्रेकमनला. तो ब्रेकमन तर कधीच वारला होता.

"तुला काय माहीत?" त्याने विचारलं.

आर्डिसने बशी खाली ठेवली. मग पडद्यावरच्या त्या दांड्याकडे बोट केलं.

"सांध्याचं कुलूप तू नुसतं अडकवून जायचास. दाबायचा नाहीस," ती म्हणाली.

"सगळेच तसं करायचे! लाइनवर दुसरी गाडी होती कुठे? दोन तासांत परत यायचंच असायचं, त्या गंजक्या कुलपाशी कोण झटापट करणार?"

"तेच म्हणतेय मी. अख्खा उन्हाळा तू गाडीतून नुसता हात हलवत गेलास, डेल. नुसता हात! म्हणून मीच फिरवला सांधा. मला वाटलं, सांधा उघडा दिसला की गाडी थांबेल, तू सरळ करायला उतरशील, आणि मी कुंपणाशी असेनच. मला काय माहीत, तो ऑर्व्हिल पुढे बघतच नाही म्हणून!"

डेल्मर ताडकन उठला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं माझ्या समोर बसून बटाटे वाढत होतीस?"

"आधी आईची भीती होती. तिच्याकडून कंपनीने इंजिनाची भरपाई मागितली असती. मग लग्न झालं. मग म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. आणि तू ती गोष्ट इतकी रंगवून सांगायला लागलास..." तिचे डोळे भरले. "चुकलंच माझं. कार्यक्रमात सांगून टाक सगळ्यांना. मी उभी राहीन."

डेल्मर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याला खरंच लागलं होतं. अहो, आयुष्यभर माणूस खरं बोलत राहिला, आणि त्याच्या खरेपणाचा पुरावा त्याच्याच स्वयंपाकघरात मूग गिळून बसला होता! तिसऱ्या दिवशी तो तळघरात गेला आणि सांधा खिटीसकट दुरुस्त करून, त्या दुपारी होता तसा फाट्याकडे उघडा ठेवून आला.

कार्यक्रमाला अख्खं गाव लोटलं. मंडळाच्या अध्यक्षा लुंडीनबाईंनी आपल्या घराचा रंग चुकल्याची तक्रार आधी करून घेतली. आर्डिस मागे कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. गाडी चालवायला अर्थातच ऑर्व्हिल बसला. म्हातारा ऐंशीच्या पुढे गेलेला, पण हात पडला आणि गडी तरुण झाला. गिरणी सोडली, पूल ओलांडला, शिट्टी वाजवली, वेग वाढत चालला. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा मोठा मोठा होत होता, आणि ऑर्व्हिल खुशीत बाजूच्या माणसाला जेवणाच्या गप्पा सांगत होता.

"ऑर्व्हिल, सत्तावीस!" कुणीतरी ओरडलं.

तोवर गाडी फाट्यावर वळली, तिरकी झाली आणि धाडकन कोबीत. चाळीस वर्षांपूर्वी बसली होती अगदी तिथेच.

"दहाच्या वेगात होतास ना रे?" हास्याचा नुसता कल्लोळ उडाला. ऑर्व्हिल कानापर्यंत लाल झाला. "या यंत्राचा आकडा चुकतोय!" म्हणाला, आणि लोक अजूनच हसले. मग त्याने वळून बोट रोखलं. "बरं, माझा वेग धरा. पण सांधा उघडा कुणी ठेवला? बोल की, डेल!"

सगळ्या माना वळल्या. मागे आर्डिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले, आणि बोलायला तोंड उघडलं.

"मी," डेल्मर घाईघाईने म्हणाला. "मीच विसरलो होतो."

लुंडीनबाई म्हणाल्या, "अरे, मग इतकी वर्षं भांडत का होतास?"

"तरुणपणी कोण कबूल करतं?" डेल्मर म्हणाला. त्याने मागे बघितलं नाही. "आणि खरं सांगू? पुन्हा ती दुपार आली ना, तर पुन्हा विसरेन."

याचा अर्थ एकीशिवाय कुणालाच कळला नाही. तिने पदराशी चाळा करावा तशी एप्रनची नाडी तीनदा सोडली, तीनदा बांधली, मग केक कापायला घेतला आणि सगळ्यात मोठा तुकडा डेल्मरच्या बशीत घातला. ऑर्व्हिल हरकत घेणार होता, पण तिची नजर बघून त्याने मुकाट आपली बशी पुढे केली.

सामान आवरून मंडळी बाहेर पडली. स्टेशनची किल्ली त्या दिवशी टेशांकडे होती. गाडीत बसता बसता ऑर्व्हिलने विचारलंच, "डेल, दार लावलंस ना?"

"विसरलो," डेल्मर म्हणाला.

आर्डिस परत गेली आणि कुलूप नीट दाबून आली.