दादाचे जर्मन

माणूस जिवंत असतो तोवर त्याचे किस्से मोजकेच असतात, कारण ते तो स्वतः सांगतो आणि अर्धे लपवतो. तो वारला की जो तो सांगायला लागतो. माझा अनिकेतदादा फेब्रुवारीत अमेरिकेत वारला. बर्फावर गाडी घसरली. तेव्हापासून मी त्याचेच किस्से सांगत सुटलो होतो. गॅरेजात, पानठेल्यावर, कोणी विचारो न विचारो. मला वाटायचं, त्याचा सगळा साठा माझ्याकडेच आहे.

मग एप्रिलमध्ये ओहायोला गेलो, तर तिथे दोन म्हातारे जर्मन बसलेले. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त.

झालं असं की दादाच्या युनिव्हर्सिटीने त्याची शोकसभा ठेवली आणि घरच्या कोणाला तरी बोलावलं. आई-बाबांना एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून मी गेलो. मी दहावी नापास, वर्ध्याला टू-व्हीलरच्या गॅरेजात कामाला. सभेनंतर रेनाटे आणि डीटर नावाचं जोडपं पुढे आलं. शनिवार-रविवार आमच्याकडे राहा, म्हणाले. परदेशी पोरांना सुट्टीला घरचं वाटावं म्हणून युनिव्हर्सिटी एकेक कुटुंब जोडून देते. दादाच्या वाट्याला हे आले होते. तरुणपणी जर्मनीहून येऊन ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात स्थायिक झालेले. म्हणजे दादा गेला अमेरिकेला आणि राहिला जर्मनीत.

इंग्रजीसाठी सोबत दादाचा रूममेट मयूरभाऊ होता, पुण्याचा. आणि मला एकच गोष्ट विचारायची होती: दादा तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगायचा?

*

दार उघडलं आणि रेनाटेबाई हात जोडून म्हणाल्या, "जयभीम."

मी मयूरभाऊकडे पाहिलं. "अनिकेतने शिकवलंय," तो म्हणाला. "यांना काकू म्हण. सगळी पोरं तेच म्हणतात."

त्यांच्याकडे दारातच बूट काढायचे आणि लोकरी सपाता घालायच्या अशी पद्धत. पाहुण्यांसाठी करड्या सपातांची रांग होती. एक निळा जोड वेगळा, फळीवर ठेवलेला. कोणाचा ते विचारायची गरज नव्हती. मी सरळ तो काढून त्यात पाय घातला. काकूंनी करडा जोड माझ्यासमोर आणून ठेवला.

घरी आमच्या दोघांत एकच चपलेचा जोड असायचा. जो आधी उठेल त्याचा. इथे साहेबांना फळी होती.

मी निळा जोड परत ठेवला, करडा घातला नाही, आणि दोन दिवस मोज्यांवर फिरलो.

*

शुक्रवारी पोचलो, त्या संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड पाव, चीज आणि काकडी. गरम काहीच नाही. घरी भाकरी तव्यावरून थेट ताटात आली नाही तर दादा ताट सरकवायचा. मी म्हटलं, "मयूरभाऊ, दादा हे खायचा?"

"दोन वर्षं. वर आणखी मागायचा."

शनिवारी दुपारी काकूंनी माझ्यासाठी झुणका-भाकरी केली. भाकरी हातावर थापलेली, गोल, कडा कुठे फुटलेली नाही. दादाने शिकवली म्हणे. घरी ज्याने कधी कांदा चिरला नाही, त्याने.

"कशी झाली, विचारतायत," मयूरभाऊ म्हणाला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. मीठ बरोबर होतं.

*

जेवताना डीटरकाकांनी दादाचे किस्से काढले. अनिकेत लहानपणी फार वांड होता, म्हणाले. मला हसू आलं. दादा आणि वांड?

मग ते सांगू लागले. गावात पाण्याचा टँकर आला होता. नऊ वर्षांचा अनिकेत आत चढला, ब्रेक सोडला, आणि टँकर उतारावरून जाऊन थेट लग्नाच्या मांडवात. नवरदेव भिजला, वरात पळाली, अनिकेतच्या हनुवटीला टाके पडले. हे सांगताना काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून.

टँकर मी सोडला होता. टाक्यांचे व्रण माझ्या हनुवटीवर आहेत. मी दाढी बाजूला करून मयूरभाऊला दाखवले.

"ऐकून घे रे," तो हळूच म्हणाला.

मग काकूंनी शाळेची घंटा काढली. परीक्षेच्या दिवशी अनिकेतने घंटा विहिरीत टाकली आणि मास्तरांना थाळी वाजवून पेपर सुरू करावा लागला. तीही मीच टाकलेली. मार मी खाल्ला होता, आणि इथे कौतुक त्याचं चाललं होतं.

माझं डोकं फिरलं. सगळ्या खोड्या याने स्वतःच्या नावावर लावल्या, मग मी कुठे होतो त्यात? मी म्हटलं, "विचार त्यांना, भाऊ आहे हे तरी सांगितलं होतं का त्याने?"

मयूरभाऊ पाणी प्यायला. "उद्या विचारू," म्हणाला.

*

माझ्या खोलीत उशाशी जाडजूड पुस्तकांचा ढीग होता, ताऱ्यांची आणि ग्रहांची. मला वाटलं, दादाची असतील. मी ती कपाटावर टाकून दिली.

रविवारी सकाळी मला बसवेना. शेडमध्ये गवत कापायचं मशीन बंद पडलेलं होतं. उघडलं. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकटलं होतं. साफ केलं, दोरी ओढली, एका झटक्यात सुरू. आता सुरू झालंच आहे, तर मी गवतही कापायला घेतलं.

अर्धं लॉन झालं असेल. डीटरकाका झोपायच्या कपड्यांत हात हलवत धावत आले. मागून मयूरभाऊ.

"बंद कर! आज रविवार आहे."

"मग?"

"रविवारी यांच्यात आवाज करत नाहीत. मशीन तर नाहीच नाही."

"पण ही अमेरिका आहे ना?"

"लॉनच्या आत जर्मनी आहे, बाबा."

मी बंद केलं. काका रागवायला म्हणून जवळ आले आणि मशीनकडे पाहतच राहिले. मग माझ्या काळ्या हातांकडे. काहीतरी म्हणाले.

"म्हणतायत, अनिकेत तर सांगायचा की त्याच्या भावाला सायकलमध्ये हवासुद्धा भरता येत नाही."

"मला?" मी म्हटलं. "हवा भरायला तो माझ्याकडे यायचा!"

मग मयूरभाऊने मला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. दोन वर्षं या घरात असंच चालू होतं. अनिकेत म्हणजे उनाड, कसाबसा इथवर पोचलेला. खरं डोकं धाकट्याचं. राहुलचं, म्हणजे माझं. दिसेल ते वाचणारा, रात्ररात्र अभ्यास करणारा. उशाशी ठेवलेली पुस्तकं माझ्यासाठीच होती. काकांनी निवडून ठेवली होती.

"खरं सांगू का त्यांना?" मयूरभाऊने विचारलं.

काका अजून माझ्याकडे बघत होते. अभ्यासू पोराने मशीनही दुरुस्त केलं, याचं त्यांना भारी कौतुक वाटत होतं. कोण तो राहुल, मला त्याचाही हेवा वाटला.

"थांब," मी म्हटलं.

*

दुपारी निघण्याआधी कॉफी आणि केक. काकूंनी केक कापता कापता विचारलं, "तू काहीच सांगितलं नाहीस. तुझ्या लहानपणचं एखादं सांग ना."

मयूरभाऊने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे माझं एकही उरलं नव्हतं. दादाने सगळे संपवले होते. मग मी त्याचा काढला.

गावात मुक्कामी एसटी यायची. रात्री थांबायची, पहाटे वर्ध्याला निघायची. घरी लाइट नसली की दादा त्या गाडीत बसून दहावीचा अभ्यास करायचा. कंडक्टर त्याच्यासाठी आतला दिवा लावून द्यायचा.

मी मयूरभाऊला म्हटलं, "सांग, मी एसटीत बसून अभ्यास करायचो."

मग त्याने तसंच सांगितलं.

"सांग, एकदा मला तिथेच झोप लागली. जाग आली तर गाडी सुटलेली. गाव मागे."

त्याने सांगितलं. काकू सुरी हातात धरून थांबल्या होत्या. मग हसल्या आणि हळूहळू, मला कळेल अशा इंग्रजीत म्हणाल्या, "आणि तुझा भाऊ तुझ्या चपला हातात घेऊन गाडीच्या मागे धावला."

चपलांचं मी काही बोललोच नव्हतो. दादाने त्या गाडीच्या दाराशी काढल्या होत्या, घरात शिरताना काढतात तशा. मी अकरा वर्षांचा होतो. गाडी निघाली, चपला तिथेच राहिल्या, आणि त्या उचलून मी मागे धावलो.

"अनिकेत एवढंच सांगायचा," काकू म्हणाल्या. "पुढचं विचारलं की गप्प बसायचा. कुठपर्यंत धावला तो?"

मयूरभाऊ भाषांतर करायला माझ्याकडे वळला. मी थांबलो नाही.

"अप टु ब्रिज," मी म्हटलं.