कोरीवानच्या दाराचा कोयंडा

रात्रभर पश्चिमेचा वारा घोंघावत होता. सकाळ झाली तरी तो दमला नाही, उलट पावसाला सोबतीला घेऊन आला. समुद्र राखेसारखा, डोंगर तर दिसतच नव्हते. मर्डिना गिलीज खुराड्यावर ओणवी होऊन सुटलेला पत्रा ठोकत होती. तोंडात चार खिळे आणि पोटात नेहमीचा राग. आत कोंबड्या कलकलत होत्या.

शेजारची एफी अंडी न्यायला आली आणि कुंपणापलीकडूनच बोलली, "ऐकलंस का? कोरीवानला कुलूप लागलंय म्हणे."

मर्डिनानं खिळे थुंकले. "कुठं?"

"कोरीवानला गं. दाराला. काल दुकानात कोण डोंगर चढणारे आले होते, ते सांगत होते. रात्र काढायला गेले आणि तसेच अंधारात परत आले."

"कुणी लावलं?"

"मला काय माहीत? डोंगराला नवा मालक, नवा कारभारी. त्यांचं राज्य."

कारभाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल मर्डिना पुढं जे बोलली ते गेलिकमधे, तिथल्या जुन्या बोलीत बोलली. एफी नेमानं देवळात जाणारी बाई, तिला असलं ऐकवेना. तिनं अंडी उचलली, स्कार्फ कानावर ओढला आणि वाटेला लागली.

कोरीवान म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं दगडी घर. तिथवर ना रस्ता ना वीज. मर्डिनाचा बाप तिथं मेंढपाळ होता आणि ती तिथंच, चुलीशेजारच्या खाटेवर जन्मली. त्या दाराला नुसती कडी होती, कोयंडा कधी नव्हताच. वाट चुकलेला कुणीही यावा, कडी सरकवावी, आत यावं. "कोण रे तू?" असं आई चहा पाजून झाल्यावरच विचारायची. पुढं मालकानं मेंढ्या विकल्या, माणसं किनाऱ्यावर आली. घर मागं राहिलं, पण दार तसंच राहिलं. यावं, निजावं, पुढच्यासाठी लाकूड फोडून ठेवावं, हरणं शिरू नयेत म्हणून दार लोटून निघावं, एवढाच काय तो कायदा.

मर्डिनानं खाणावळीत भांडी घासली, शाळेत पोरांना जेवण रांधलं, दर्यावर जाणारा नवरा केला आणि दर्यातच घालवला. पण कोरीवानचं छप्पर आणि धुराडं तिनं कधी सोडलं नाही. गुडघा गेल्यावर डॉक्टर म्हणाला, चालणं बंद, सायकल चालेल. तो बिचारा सपाटीवरच्या सायकलीबद्दल बोलत असावा. हिनं भाच्याची जाड टायरांची डोंगरी सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात गुडघा, कोपर आणि एक कुंपण फोडून घेतलं.

त्या दिवशी तिनं पाठपिशवीत पेचकस टाकला, लोखंड कापायची करवत टाकली, ओटच्या भाकऱ्या आणि चीज टाकलं, आणि निघाली.

नदीकाठची वाट संपेपर्यंत ती कारभाऱ्याशी भांडत होती. कारभारी तिथं नव्हता ही त्याची चूक. वाट चढणीला लागली तशी गिअर कुरकुरायला लागला, मग ती त्याच्याशी भांडली. पुढं वाट उरलीच नाही. काळ्या मातीची दलदल, गुडघाभर हेदरची झुडपं, पाण्यानं फुगलेले ओढे. सायकल कधी तिला न्यायची, कधी ती सायकलीला. एका ओढ्यात मांडीपर्यंत पाणी लागलं. थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "कुलूप लावतात! हरामखोर!" आणि जरा ऊब आली.

खिंडीत फार्कर भेटला. मालकाच्या हरणांचा रखवालदार, शाळेत तिच्याच बाकावरचा. आठ चाकांच्या गाडीत मागं मारलेलं हरीण, शिंगं आभाळाकडं.

"मर्डे! ह्या हवेत? मरायचंय का?"

"तुझ्याआधी नाही. कोरीवानला कुलूप कुणी लावलं?"

फार्करनं इंजिन बंद केलं. टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली. "मीच."

"तू?" तिचा आवाज इतका चढला की मेलेलं हरीण उठेल असं वाटलं. "माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलास रे तू!"

"ओरडू नकोस. कारभाऱ्यानं कुलूप हातात दिलं आणि समोर उभा राहिला. शुक्रवारी शिकारी पाहुणे येणार, त्यांना डोंगरात चिटपाखरू नको. मी राहतो ते घर नोकरीचं आहे. कुलूप निघालं की नोकरी गेली, नोकरी गेली की घर. बायकोला घेऊन कुठं जाऊ? तुझ्या खुराड्यात?"

"कोंबड्या नको म्हणतील."

"तेच तर." मग तो पुढं वाकला, हळूच म्हणाला, "अगं, पण किल्ली चौकटीवरच ठेवलीय. वरच्या दगडावर. म्हणजे कुलूप आहे आणि नाहीपण. कारभाऱ्याला कुठून कळणार?"

आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश होता. आणि खोटं कशाला, मर्डिनाही सैलावली. ह्या खोऱ्यातली प्रत्येक किल्ली चौकटीवरच असते, तिची स्वतःचीसुद्धा. झालं तर मग. कारभारी खूश, फार्करचं घर शाबूत, दार उघडतंय. परत फिरावं असंही तिच्या मनात आलं. पण हिवाळ्याआधी धुराडं झाडायचंच होतं, म्हणून ती उतरणीला लागली, ब्रेक दाबत, दगडांवरून दात खिळखिळे होतील असे दणके खात.

दारासमोर दोन सायकली आडव्या पडल्या होत्या. एक तरुण दगडानं खिडकीची फळी ठोकत होता. दाराशी एक पोरगी मुटकुळं करून बसलेली. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. थंडीनं कापायचीही बंद झाली होती, आणि ते सगळ्यात वाईट.

"बंद आहे!" तरुण रडकुंडीला आला होता. "आम्ही लीड्सहून आलोय. नकाशावर लिहिलंय, कायम उघडं! हिला बोलता येईना झालंय!"

मर्डिना सायकल टाकून दाराशी गेली. तिनं हात वर केला, चौकटीवरच्या दगडावर बोटं फिरवली आणि किल्ली काढली.

किल्ली त्या पोरीच्या डोक्याच्या अगदी वर होती. तरुण बघतच राहिला.

"तिथं होती? इतका वेळ तिथंच?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? सगळ्यांना ठाऊक असतं, असं? सगळे म्हणजे कोण? फार्कर, त्याची बायको शीना, एफी, ती, आणि देवळामागं पुरलेली माणसं. खिंडीत तीही 'झालं तर मग' म्हणाली होती. दिवसभर पोसलेला राग पहिल्यांदाच फिरून तिच्याच अंगावर आला, आणि तो कारभाऱ्यावरच्या रागापेक्षा जड निघाला.

"बघत काय बसलास? उचल तिला! आत! ओले कपडे काढ तिचे. लाजायचं ते घरी गेल्यावर लाजा."

चूल पेटली. मर्डिनानं आपला लोकरी स्वेटर पोरीला घातला, फळीवरच्या घोंगड्यात तिला गुंडाळलं, पाठ चोळत बसली. किती तरी वेळानं पोरगी थडथड कापायला लागली, तेव्हा मर्डिनाचा जीव भांड्यात पडला. गोड चहाचे दोन घोट गेल्यावर पोरगी पुटपुटली, "तुम्ही फार चांगल्या आहात."

"अजिबात नाही," मर्डिना म्हणाली आणि पेचकस घेऊन बाहेर गेली.

फार्करनं काम मात्र चोख केलं होतं. स्क्रू लाकडात खोल बसवलेले. एकेक काढताना तिच्या तळहाताला फोड आला. तरुण दारात येऊन उभा राहिला.

"हे काढलं तर कुणाला त्रास नाही ना होणार?"

"होणार. म्हणून तर विचार करतेय. गप्प बस जरा."

कोयंडा हातात आला तशी ती थांबली. शुक्रवारी कारभारी येणार, मोकळं दार बघणार आणि सरळ फार्करच्या घरी जाणार. तिनं पेचकसाचं टोक दाराच्या हिरव्या रंगात रोवलं आणि बोटबोटभर अक्षरं कोरायला घेतली. कोयंडा मी काढला. लावणाऱ्यानं पक्का लावला होता. भांडायचं तर माझ्याशी. मर्डिना गिलीज, धक्क्याजवळचं शेवटचं घर.

"हे तर नासधूस केल्याचा पुरावा झाला," तरुण म्हणाला. "ते पोलिसात जातील."

"जाऊ देत. पोलीस शाळेत असताना माझ्या हातचा बटाटा खायचा. कुलूप मी उद्या कारभाऱ्याच्या टेबलावर नेऊन आपटणार आहे. लोकांसमोर. मग फार्करला कामावरून काढून दाखव म्हणावं."

कुलूप आणि कोयंडा तिनं पाठपिशवीत टाकला. कडी दोनदा सरकवून पाहिली. मग आत डोकावली. सरपणाची रास जवळजवळ संपली होती आणि तरुणाचे बूट विस्तवाला चिकटायच्या बेतात होते.

"ते बूट मागं ओढ रे, तळ वितळतील!"

कोपऱ्यातली मोठी करवत काढून ती घरामागं गेली. वाऱ्यानं पडलेलं बर्चचं झाड तिथं आडवं होतं. खोडावर पाय रोवला आणि ती कापायला लागली.