अल मनखूलमधलं पुरं भाषण

मी विमानात बसले तेव्हा पर्समध्ये एकोणीस पानांचं भाषण होतं. दुबईतल्या मराठी मंडळींनी बोलावलेलं. विषय, अठराव्या शतकातला व्हिएन्नाचा एक मंत्री. आधी त्याने शाळा धर्मगुरूंच्या हातून काढून सरकारकडे द्यायची योजना मांडली. पुढे पोलीस खातं उभारलं, गुप्त हेरांसकट.

माझी लेक दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत राहते. बारा वर्षांची नात सई मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते.

"आजी, वॉज ही गुड ऑर बॅड?"

म्हटलं, भाषणाला ये आणि तूच ठरव.

कार्यक्रमाच्या सकाळी संयोजक कुलकर्ण्यांचा फोन. "मॅडम, शाळांचं बोला. पोलिसांचं स्किप करा ना. आपण इथे पाहुणे, उगाच कशाला?"

माझं डोकंच फिरलं. साताऱ्यात शिकवत असताना हेडमास्तरांनी असंच शाळेच्या संस्थापकांविषयी अर्धं सांगायला लावलं होतं. मी मुकाट्याने ऐकलं. त्याची लाज अजून वाटते. आता अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा? जमणार नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

दुबईच्या अल मनखूल भागातल्या हॉलमध्ये माईकवाले इस्माईलभाई उशिरा पोचले. मूळचे रत्नागिरीचे, राहायला शारजाला, वाटेत ट्रॅफिक. त्यांनी मला करक (दुधाचा कडक चहा) आणून दिला. "बाई, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल, इन्शाल्ला."

शाळांच्या भागाला टाळ्या पडल्या. मी पान उलटलं, तशी चिठ्ठी आली, 'आवरते घ्यावे'. चाळीस मिनिटांतली बाराच झाली होती! अशा चिठ्ठ्या मीही आयुष्यभर वक्त्यांना पाठवल्यात. तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बोलत राहिले.

कुलकर्ण्यांनी मागे इस्माईलभाईंना हाताने खूण केली, खलास, माईक बंद.

"बाई बोलतायत अजून," इस्माईलभाई म्हणाले, आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मग मी सगळं सांगितलं. मुलांना शिकवा म्हणणाराच, ती मोठी होऊन काय बोलतात हे चोरून ऐकायला लागला. काही लोक मधूनच जेवायला उठले. आभारप्रदर्शन झालं नाही. शाल-श्रीफळ टेबलावरच राहिलं.

भाषण शेवटपर्यंत ऐकलेल्या सईने विमानतळावर माझी बॅग ट्रॉलीवर चढवली. मग म्हणाली, "बोथ, आजी. ही वॉज बोथ."

साताऱ्यात शेजारणीने दारातच विचारलं, "सत्काराची शाल दाखवा की!"

"नाही मिळाली," मी म्हटलं. "पुरं भाषण केलं."