रॉकेटच्या वाढदिवसाचं ग्राफिक्स कार्ड

मिरजगावात हायवेच्या कडेला यशोधरा साळवेचं दुकान आहे. वाढदिवस, दहावा, जावळ, निवड, फेरनिवड, सगळ्याचे फ्लेक्स तिच्याच कॉम्प्युटरवर तयार होतात. तिला एकच खोड आहे. ती विंडोज वापरत नाही. तिचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेल्या आणि फुकट वाटलेल्या लिनक्सवर. पॉलिटेक्निकला असताना एका मॅडमनी ते दाखवलं, तेव्हापासून तिनं दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. "लिनक्स म्हणजे काय हो ताई?" असं कुणी विचारलं तर हातातलं काम बाजूला ठेवून ती तासभर सांगते. त्यामुळे गावात आता कुणी विचारत नाही.

मागच्या फेब्रुवारीत काकासाहेब तिच्याकडे आले. त्यांचा रॉकेट नावाचा शर्यतीचा बैल आहे आणि रविवारी त्याचा वाढदिवस होता.

"फ्लेक्स तर सगळेच लावत्यात ताई," काकासाहेब म्हणाले. "आपला रॉकेट पडद्यावर पळला पायजे. एलईडीची गाडी सांगितलीय. खाली शुभेच्छुकांचे फोटो. चौसष्ट हायेत."

"चौसष्ट?"

"दोघं रुसल्यात. मानले तर सहासष्ट."

यशोधरा कामाला लागली. मंगळवारी दुपारी एक्कावन्नाव्या शुभेच्छुकाचं टक्कल जरा कमी चकाकेल असं करत असताना कॉम्प्युटरच्या पोटातून फट् असा आवाज आला आणि जळक्या वायरीचा वास सुटला. तिनं झाकण काढून पाहिलं. मदरबोर्ड, म्हणजे जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात ती मोठी पाटी, एका कोपऱ्यात काळी पडली होती. फोटो डिस्कवर शाबूत होते, पण बोर्ड गेला होता. आणि बैल पडद्यावर पळवायचा तर ग्राफिक्स कार्डही लागणार होतं. तिच्याकडे ते आजवर नव्हतंच.

ही खरेदी लिनक्सवाल्यांना जड जाते. खोक्यावर जे काही लिहिलेलं असतं ते विंडोजपुरतं. काही कार्डांचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या, लिनक्समध्ये आधीपासून असतो. काहींचा बाहेरून आणून बसवावा लागतो आणि एखाद्या अपडेटनंतर तो बोलेनासा होतो. यशोधरानं कागदावर तीन बोर्ड आणि चार कार्डं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. जेवताना तिनं ताटाशेजारी तो कागद ठेवला आणि आमटीत भाकरीऐवजी त्याचा कोपरा बुडवला.

तिच्या सासूबाई, छबूबाई, समोर बसून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात त्या उभ्या राहिल्या की व्यापारी आवाज खाली घेत. त्यांनी विचारलं, "कागदावर बघून कसं कळंल गं? चालवून दावत न्हाईत व्हय?"

"दुकानात खोकं उघडत नाहीत, आत्या."

"मी येते."

नवरा राहुरीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला, तो शनिवारी यायचा. तेव्हा बुधवारी सकाळी दोघीच नगरच्या एसटीत बसल्या. कॉम्प्युटरची जुनी कॅबिनेट गोधडीत गुंडाळून छबूबाईंनी मांडीवर घेतली होती. धक्का बसला की त्या तिला थोपटत. शेजारच्या बाईनं हळू आवाजात विचारलं, "काय होतंय बाळाला?"

"कोपऱ्यात जळलंय," छबूबाई म्हणाल्या. ती बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

नगरच्या कॉम्प्युटर दुकानाचे मालक अमृतशेठ यांनी काउंटरवर खोकी मांडली. त्यातल्या सगळ्यात महागड्या कार्डाच्या खोक्यावर लाल डोळ्यांचा विंचू छापला होता.

"ह्यो इच्चू कशाला?" छबूबाईंनी विचारलं.

"आजी, तो पॉवर दाखवतो."

"आमच्याकडं इच्चू दिसला की चप्पल काढत्यात."

विंचू बाजूला झाला. यशोधरानं लिनक्सचा पेनड्राइव्ह काढून पुढे ठेवला. "बोर्ड आणि कार्ड जोडून यावर एकदा चालवून बघते. चाललं की घेते."

अमृतशेठ पेनड्राइव्हपासून हात लांब ठेवून म्हणाले, "मॅडम, लिनक्स हॅकर लोक वापरतात. आणि खोकं उघडलं की माल परत नाही. दुकानाचा नियम आहे."

"म्हैस घेताना धार काढून बघत्यात," छबूबाई म्हणाल्या.

"आजी, ही म्हैस नाही."

"म्हून तर जास्त बघाया पायजे. म्हैस निदान हंबरून सांगती."

शेठ ऐकेनात. मग छबूबाईंनी एक खुर्ची दाराशी ओढली आणि तिथे बसल्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रेमानं सांगू लागल्या, "चालवून बघा बाबा, मग घ्या." पहिल्यानं मान डोलावली. दुसऱ्यानं प्रिंटर चालवून मागितला. तिसरा माउस घ्यायला आला होता, तोही म्हणाला, "आजी म्हणतात ते बरोबर आहे, चालवून दाखवा." अमृतशेठनी कपाळाचा घाम पुसला आणि खोकं कापायला कात्री घेतली.

यशोधराच्या जुन्या प्रोसेसरला बसतील असे दोन बोर्ड होते. एक अगदी नवा, एक मागल्या वर्षीचा. नव्यावर लिनक्स सुरू झालं, पण इंटरनेटची वायर जोडली तरी त्याला ती दिसेना. बोर्डावरची चिप इतकी नवीन होती की पेनड्राइव्हमधल्या लिनक्सनं तिचं नावही ऐकलं नव्हतं.

"धार न्हाई," छबूबाई दारातून म्हणाल्या.

मागल्या वर्षीच्या बोर्डावर सगळं चाललं. आवाज आला, इंटरनेट आलं. मग यशोधरानं त्यावर कार्ड बसवलं. ड्रायव्हर लिनक्समध्येच असलेलं कार्ड तिनं निवडलं होतं, तिच्या कागदावर तेच पहिलं होतं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला.

अमृतशेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मी म्हटलं नव्हतं, लिनक्स."

यशोधरानं कार्ड काढून पुन्हा बसवलं. बोर्डाच्या सेटिंग आठवून पाहिल्या. शेठनी पॉवरची वायर बदलली. प्रिंटरवाला आणि माउसवालाही वाकून बघू लागले. एक म्हणाला रॅम, दुसरा म्हणाला अर्थिंग. अर्धा तास चार डोकी त्या कॅबिनेटवर ओणवी होती. रविवार, बैल आणि चौसष्ट तोंडं यशोधराच्या डोळ्यांपुढून सरकून गेली.

छबूबाई खुर्चीवरून उठून आल्या. "कार्ड खाली बसीवलं ना?"

"हो आत्या."

"मग टीव्हीची तार वरच्या भोकात का?"

चौघांनी वाकून मागं पाहिलं. मॉनिटरची वायर मदरबोर्डालाच जोडलेली होती, कार्डाला नाही. यशोधरानं ती काढून खाली खोचली आणि पडदा उजळला. माउसवाल्याला एकदम उशीर होत असल्याचं आठवलं. अमृतशेठनी न विचारता चार चहा सांगितले.

चहा घेता घेता त्यांनी पेनड्राइव्हकडे बोट केलं. "मॅडम, हे लिनक्स म्हणजे नक्की काय?"

दोघींची दुपारची एसटी चुकली.

रविवारी संध्याकाळी एलईडीच्या पडद्यावर रॉकेट पळाला. रुसलेले दोघंही मानले होते, त्यामुळे त्याच्या पायाखालून सहासष्ट शुभेच्छुक सरकत होते. खरा रॉकेट झूल घालून समोर उभा होता. त्यानं स्वतःला पळताना बराच वेळ पाहिलं आणि मग खाली बसला. काकासाहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला. "समाधान झालं त्याचं," ते म्हणाले. यशोधराचं लक्ष बैलाच्या पायांकडे होतं. एकदाही चित्र अडकलं नाही, हे तिनं मनातल्या मनात तीनदा म्हणून घेतलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या कार्डाला रंगीत दिवे आहेत. लाल, जांभळा, हिरवा, असे ते बदलत राहतात, आणि ते बंद करण्याचं कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. अंधार पडायला लागला की दुकानाची काच हायवेवरून झगमगते. सोमवारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "एक हाफ शेजवान राइस." मंगळवारी दोघं आले, एकाला मंच्युरियन हवं होतं.

यशोधरानं इंटरनेटवर शोधलं. लिनक्सवाल्या कुणीतरी दिवे बंद करायचा प्रोग्राम लिहिलेला होता. तिनं तो उतरवून बसवायला घेतला, तेवढ्यात छबूबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी तांदूळ भिजत घातल्यात."