बोल्टाला ‘अहो’ म्हणणारे काका

गंजलेल्या बोल्टाला ‘अहो’ म्हणणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला आणि तो नाशिक रोडला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. माझ्या मैत्रिणीचे, मंजिरीचे बाबा. नोकरी सरकारी, कपडे कडक इस्त्रीचे. पण रविवारी बनियनवर एकदा गाडीखाली शिरले की संध्याकाळपर्यंत कॉलनीला त्यांच्या फक्त चपला दिसायच्या. बोल्ट ‘जाम’ झालाय असं कुणी म्हटलं की ते दुखावत. “जाम नाही, रुसलेत ते.” मग तारेच्या ब्रशनं त्याचं अंग घासायचं, डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरनं तेलाचे थेंब सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी हातोडीनं हलकेच टकटक करून “उठलात का?” विचारायचं. आणि सोडवायच्या आधी थोडा घट्टच करायचा. “त्यांना वाटतं, आपलंच खरं झालं. तेवढ्यात उलटं फिरवायचं!” वरून काकू ओरडत, “त्या मेल्या लोखंडाशी बोलता तेवढं गोड माझ्याशी एकदा बोला हो!” त्यावर गाडीखालून उत्तर जाई, “तू कुठं गंजलीयेस?”

बारावीनंतर मंजिरीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ‘लेकीला माझ्या गाडीनं सोडणार’ हे काकांनी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रविवारी सकाळी निघायचं. आणि सोमवारी पुढच्या चाकाशी खडखड सुरू झाली. सस्पेन्शनचा बुश, म्हणजे चाकाजवळचा रबरी तुकडा, गेला होता. तो बदलायचा तर एक लांबलचक बोल्ट काढावा लागणार, आणि तो असा रुसलेला, की चार दिवस तेल पिऊनही ढिम्म. काकूंनी शुक्रवारी एसटीचं तिकीट काढून फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. काका त्या दिवसापासून फ्रिजचं पाणी प्यायचे बंद झाले.

मंजिरी बॅगा भरण्यात गुंतलेली, म्हणून काकांच्या हातात पाने-पकडी द्यायला मी. मी कुणाशी फारसं बोलायची नाही. काकांना ते फार सोयीचं होतं, कारण ते एकटेच दोघांचं बोलत. पण खालून “एकोणीस दे गं” असं आलं की मला घाम फुटे. इंग्रजी शाळेत गेलेलं माझं डोकं. एकोणीस म्हणजे नाइन्टीन की ट्वेंटी-नाईन, हे विचारायची लाज. मी अंदाजानं सगळ्यात जाड पाना सरकवला. “अगं, हा बैलगाडीचा!” दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक पान्याला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात: ‘एकोणीस, म्हणजे नाइन्टीन’. आणि खालून नेहमीसारखंच, “एकोणीस दे गं!”

शनिवारी दिवे लागायच्या वेळी गाडीखालून ‘कर्रर्र’ असा आवाज आला, आणि पाठोपाठ काकांचा: “आले! अहो, आले!” काकू हातात लाटणं घेऊन धावत खाली आल्या. जावई आलेत की काय, असं शेजारच्या आजींनी गॅलरीतून विचारलं.

पुढचं मंजिरीनं दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. पुण्याला पोचायला नऊ तास लागले म्हणे. सिन्नरला थांबले, संगमनेरला थांबले, नारायणगावला तर दोनदा. दर वेळी टॉवेल अंथरून काका गाडीखाली. बोल्ट ठणठणीत होता, तरी त्याची विचारपूस करायची. हॉस्टेलच्या फाटकाशी तिनं बॅगा उतरवल्या, वळून पाहिलं, तर काका पुन्हा खाली शिरलेले. या वेळी ना हातोडीची टकटक, ना बोलणं. बराच वेळ ते बाहेर येईनात, तेव्हा ती वाकली.

“बाबा, सैल झालाय का?”

“थोडासा,” खालून आवाज आला. “तू जा वर. मी येतो.”