बैलगाडीने आलेली स्प्रिंग

नव्वदीच्या शेवटी डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे निघाला आणि मी जुन्या घड्याळांच्या एका इंटरनेट गटात शिरले. कारण एकच. बाबांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं अमेरिकन घड्याळ चार वर्षं मुकं होतं. आतली स्प्रिंग तुटलीय आणि तशी इथे मिळत नाही, म्हणून कळव्याच्या घड्याळजीने हात टेकले होते आणि बाबांची साठीशांत दोन महिन्यांवर आली होती. त्या दिवशी घड्याळाचे ठोके पडलेच पाहिजेत, असा मी हट्टच धरला होता.

गटात दोन-तीन इंग्रज होते. अमेरिकन माणसाला विनोद कळत नाही, हे त्यांचं पालुपद, आणि मीही त्यावर खुशाल हसायचे. स्प्रिंग पाठवतो म्हणाला तो मात्र एक म्हातारा अमेरिकन घड्याळजी.

तीन आठवडे झाले, पार्सल नाही. आमच्या घरात आपल्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो रुसतो, आणि आठवण करून द्यायची तर त्याची खेचायची असते. मी सगळ्या गटासमोर विचारलं, "आजोबा, स्प्रिंग बैलगाडीने पाठवलीत का?"

उत्तरात पानभर माफी आली. पार्सल बांधायचं राहून गेलं, मी तुमची निराशा केली, दुसरा कोणी भरवशाचा माणूस बघा. बघ, आम्ही म्हणत नव्हतो, म्हणत इंग्रजांनी माझी पाठ थोपटली. मला माझीच लाज वाटली, आणि रागही आला. स्प्रिंग तर गेलीच, वर एका भल्या माणसाला दुखावलं. तिथेच बसून मी लिहिलं, "आमच्याकडे पाहुण्याशी गोड बोलतात. खेचतात ती घरच्या माणसाची. तुम्ही घरचे झालात, आता इलाज नाही."

चार दिवसांनी मग एकच ओळ आली, "बायको गेल्यापासून माझी कोणी खेचली नव्हती."

साठीच्या आठ दिवस आधी पार्सल आलं. आत स्प्रिंग आणि एक चिठ्ठी: "उशीर झाला. बैलांना पाणी पाजायला थांबलो होतो." मी ती घरात प्रत्येकाला वाचून दाखवली, शेजारच्या काकूंना तर दोनदा.

कळव्याच्या घड्याळजीने स्प्रिंग बसवली. साठीच्या दिवशी सकाळी दहा वाजता घड्याळाने खणखणीत ठोके दिले. बारा. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पाटावर बसलेले बाबा शांतपणे म्हणाले, "स्प्रिंग नवीन आलीय रे. अजून तिकडचीच वेळ धरून बसलीय." अख्खा हॉल हसला. चार वर्षांनी त्या घड्याळाकडे बघून बाबा हसत होते, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी मी हे सगळं गटात लिहिलं. पहिलं उत्तर अमेरिकेतून आलं, "तिला सांभाळून घ्या. एवढ्या लांब पहिल्यांदाच आलीय." मागोमाग एका इंग्रजाने गंभीरपणे विचारलं, पण मग घड्याळात दोष नेमका कुठे होता?

त्याला समजावून सांगायचं काम अमेरिकन आजोबांनी मोठ्या आनंदाने अंगावर घेतलं.